सुरू

मिरामारला, पहाटे पावणेसहाला,
माझ्या हातात दिलेली फळी: पन्नास मिनिटं.
पिवळा रंग, आकडा अजून ओला.
ती धरून झाडांखाली उभं राहायचं, बस्स.
या झाडांना सुरू म्हणतात;
आयोजकांनी ते बघून जागा निवडली नसावी.

ज्याला वाटतं आपण तेवढ्यात पोहून येऊ
तो येऊन माझ्या मागे लागेल.
कुणी विचारणार नाही, कुणी तपासणार नाही.

वीज खात्याच्या खिडकीत बावीस वर्षं काढली मी.
रांग म्हणजे काय, मला कुणी शिकवू नये.
पण अशी रांग पाहिली नव्हती
जिथे माणूस आपली जागा आपणच ठरवतो
आणि खोटं बोलला
तर निकाल समुद्र देतो.

पुढे प्रशिलाकडे तिसाची फळी.
तिथले लोक बोलत नाहीत, खांदे फिरवतात.
सगळ्यात गर्दी चाळिसाखाली,
चाळीस हा आकडाच अब्रूदार.
माझ्याकडचे तिघे हळूच तिकडे सरकले,
भरतीचं पाणी बघून
परत आले. मी बघितलं नाही असं केलं.

आग्नेलो होडी ढकलता ढकलता सांगत होता,
पहिल्या वर्षी एकच बार काढला होता.
आठशे माणसं, एकदम.
"रापणीतले बांगडे बघितलेत मरे, पात्रांव?
शेवटच्या दहा हातांत?
तशें. एकाची टाच, दुसऱ्याचे दात.
नऊ जणांना होडीत ओढलं. एकजण
खोकत खोकत विचारतो, मी कितवा?"

म्हणून आता चौघे चौघे.
दर सहा सेकंदांनी एक टूं.
घोट्याला पट्टा, पट्ट्यात टिकलीएवढी चकती,
वाळूवर निळी चटई.
चटईवर पाय पडला की तुझं घड्याळ चालू.
त्याआधी जगात कितीही वाजोत.
म्हणजे वीस मिनिटं मागून निघालेला
मागे नसतोच,
आणि पाण्यात जो तुझ्या पुढे दिसतो
तो पुढे आहे की नाही
हे त्याला नाही, तुला नाही,
दुपारच्या कागदाला ठाऊक.

टूं. चार टोप्या. टूं. चार.
सूर्य इथे मागून येतो, शहरावरून;
आधी पलीकडचा किल्ला उजळतो, मग पाणी,
मग आपण.
माझी पन्नासाची माणसं संपली.
फळी झाडाला टेकवून ठेवली, हाताला रंग.

उरली शेवटची फळी, सव्वा तासाची.
तिच्याखाली डिचोलीच्या कुंदाबाई,
दंडावर शाईने आठशे अकरा.
"तुम्ही व्हा पुढे," "तुम्ही व्हा,"
असं करत करत त्यांनी सगळी रांग
आपल्या पुढून वाढून टाकली,
पंगतीत वाढावी तशी.

आता चटईच्या काठावर, अंगठे वाळूत.
टूं.
टूं.
पुन्हा टूं, रिकामंच.
पोरगा यंत्राशी, त्याने माझ्याकडे बघितलं.
ढकलायचं नाही, हा नियम.
खिडकीत मी चारच्या ठोक्याला पाटी लावायचो, बंद,
समोर कोण आहे न बघता.
एकदा पाटीखालून एक हात आत आला होता,
बिल आणि सुट्टे पैसे धरलेला.

"बाबा," कुंदाबाई म्हणाल्या,
"माझं घड्याळ अजून चालू नाही ना झालं?"
"नाही."
"मग घाई कुणाला आहे?"

मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात
त्या गेल्या.
चटईवरून, ओल्या वाळूवरून,
गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यात,
मग गुलाबी टोपी तेवढी.
तिसाच्या फळीतला पहिला त्याच वेळी बाहेर येत होता,
टाळ्या त्याच्या.

चटई गुंडाळायला मी तिच्यावर पाय ठेवला.
यंत्र गप्प.
पलीकडे आग्नेलोने होडी वळवली
आणि वल्हं न वाजवता
टोपीच्या मागे लागला, अंतर राखून.